चोरिसोचा नाश्ता: वाटण एक, कढया दोन

रविवारी सकाळी आमच्या शेगडीवर दोन कढया शेजारी शेजारी चढतात. एकीत डुकराचा खिमा, दुसरीत सोया. वाटण दोन्हींत तेच. सासूबाई शाकाहारी आहेत, नवरा आणि मुलगा नाहीत, आणि सगळ्यांनी एका टेबलाशी बसून एकच नाश्ता करावा अशी माझी फार इच्छा होती. त्या इच्छेपोटी बरेच प्रयोग झाले. ही कृती त्यांतून बसली आहे.

चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज. तो मी शिकले टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ शहरात. तिथे आम्ही चार वर्षं होतो. आपल्याकडे सकाळी पोहे-उपमा, तसा तिथे नाश्त्याचा टाको: मैद्याचा मऊ टॉर्टिया, म्हणजे तिथली पातळ पोळी, त्यात चोरिसो आणि अंडं, नाहीतर चोरिसो आणि बटाटा. शेजारच्या आजी उत्तर मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहराच्या होत्या. त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी जे पाहिलं, त्यात आपल्या स्वयंपाकघराला परकं असं फार थोडं होतं. लाल मिरच्या भाजायच्या, भिजवायच्या, लसूण-जिऱ्याबरोबर वाटायच्या. फक्त नारळाच्या जागी व्हिनेगर.

नाव एक, जिन्नस तीन

सुरुवातीलाच एक घोळ मिटवायला हवा, कारण चुकीचं पाकीट आणलं तर पुढची कृती वाया जाते. स्पेनचा चोरिसो मिठात आणि धुरकट पेपरिकात (लाल मिरचीच्या पुडीत) मुरवून सुकवलेला असतो. तो बहुधा कापून तसाच खातात. मेक्सिकोचा चोरिसो कच्चा आणि ओला असतो, आवरण काढलं की कढईत खिम्यासारखा मोकळा होतो, आणि तो पूर्ण शिजवावाच लागतो. तिसरा आपल्या शेजारचा, गोव्याचा चोरीस. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, मिरची, लसूण, गरम मसाला आणि माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये मुरवून, आतड्यात भरून, मण्यांच्या माळेसारखे बांधून सुकवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या लालभडक माळा टांगलेल्या दिसतात. हाही शिजवूनच खायचा.

टाकोसाठी हवा मेक्सिकोचा. स्पेनचा घातला तर कडक चकत्या अंड्यात तशाच वेगळ्या राहतात.

या तिघांचं नातं मात्र खरं आहे. डुक्कर मेक्सिकोत नेलं स्पॅनिशांनी, १५२१ साली अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान पडल्याच्या त्या काळात. मिरची उलट तिथून निघाली, युरोपच्या सॉसेजमध्ये गेली आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं १५१० साली, आणि त्यांच्या शोरीसूचा गोव्यात चोरीस झाला. म्हणून मेक्सिकोच्या मिरच्या मिळाल्या नाहीत तर मी अडून बसत नाही. बेडगी त्याच घराण्यातली लेक आहे.

वाटण

सगळी चव इथे आहे, त्यामुळे वेळ इथेच द्यायचा. पुढचं प्रमाण अर्धा किलो खिमा आणि १०० ग्रॅम कोरडा सोया, दोन्हींना मिळून आहे.

बेडगी किंवा काश्मिरी मिरच्या २० (साधारण २५ ग्रॅम), लसणाच्या मोठ्या पाकळ्या १२, जिरं दीड चमचा, धणे एक चमचा, मिरी १०, लवंगा ४, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मनुका ८, ओरेगानो दोन चमचे, व्हिनेगर ८० मिलिलिटर. चमचा म्हणजे सगळीकडे चहाचा चमचा.

मनुका पाहून दचकू नका. मेक्सिकोत या वाटणात बहुतेक वेळा दोन मिरच्या असतात: ग्वाहियो रंगाला, आणि आंचो गोडसर खोलीला. आंचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो मिरची, तिला सुक्या फळासारखा वास असतो. बेडगीत रंग भरपूर, पण तो गोडवा नाही. आठ मनुका ती जागा भरून काढतात आणि वाटण गोड होत नाही. ओरेगानोही मेक्सिकोचा वेगळाच असतो, जास्त उग्र. घरी साधा असेल तर त्यात दोन चिमटी ओवा घाला. ओव्यातल्या थायमॉल या वासाच्या द्रव्यामुळे तो उग्रपणा बराच जवळ येतो.

मिरच्यांची देठं आणि बिया काढा. मंद तव्यावर प्रत्येक बाजू दहा-पंधरा सेकंद, मिरची मऊ पडून वास सुटेपर्यंतच. काळा डाग पडला तर ती मिरची बाजूला टाका, कारण तिचा कडवटपणा व्हिनेगरमध्ये आणखी वर येतो. मग मिरच्या आणि मनुका गरम पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवा. त्याच तव्यावर जिरं, धणे, मिरी, लवंग, दालचिनी किंचित गरम करून घ्या. सगळं मिक्सरच्या लहान भांड्यात व्हिनेगरसह वाटा. भिजवलेलं पाणी लागेल तेवढंच, दोन-तीन चमचे. वाटण श्रीखंडाइतकं घट्ट असू द्या. पातळ झालं तर कढईत खिमा परतण्याऐवजी उकडत राहतो.

व्हिनेगरबद्दल एक सांगते. बाजारातलं स्वस्त पांढरं सिंथेटिक व्हिनेगर घशाला लागतं. तेच असेल तर ५० मिलिलिटर घ्या आणि बाकी पाणी. सफरचंदाचं किंवा उसाचं चांगलं. गोव्याहून कोणी माडाचं आणून दिलं तर सोन्याहून पिवळं.

वाटण तयार झालं की पाच वाटे करा: तीन खिम्याला, दोन सोयाला. हे वाटे मांसाला हात लावायच्या आधी करायचे, वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने. ज्या घरात शाकाहारी माणूस विश्वासाने जेवायला बसतो तिथे हा नियम मोडायचा नाही.

पहिली कढई: मांसाचा

अर्धा किलो डुकराचा खिमा, पाव हिस्सा तरी चरबी असलेला. खाटकाला खांद्याचा भाग सांगा आणि जाड दळायला सांगा. चरबी काढून टाकू नका. मिरचीचा लाल रंग चरबीत विरघळतो, पाण्यात नाही. कढईत जे लालकेशरी तेल सुटतं आणि अंड्याला रंगवतं, ते या चरबीचंच. डुक्कर चालत नसेल तर कोंबडीच्या मांडीचा खिमा घ्या आणि त्यात तीन मोठे चमचे तेल मिसळा. मटणाचा खिमाही उत्तम लागतो.

खिम्यात तीन वाटे वाटण आणि दीड चमचा मीठ घाला. हाताने हलकेच मिसळा, रंग सगळीकडे सारखा झाला की थांबा. कबाबासारखं मळलं तर मांस चिकट होऊन गोळा धरतं, आणि आपल्याला हवा भुगा. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. व्हिनेगर आणि मीठ मुरायला तो वेळ लागतो. ताजं लगेच केलं तर मसाला वरवर राहतो, मांस फिकं.

सकाळी जाड बुडाची कढई घ्या. तेल नको. थंड कढईतच चोरिसो पसरा आणि मग मध्यम आचेवर ठेवा. हळूहळू तापल्याने चरबी वितळायला वेळ मिळतो. उलथन्याने गुठळ्या फोडत राहा. आधी पाणी सुटेल आणि रटरट आवाज येईल. आठ-दहा मिनिटांनी आवाज बदलतो, चरचर सुरू होते. पाणी संपलं आणि मांस आता स्वतःच्या तेलात परततंय असा त्याचा अर्थ. मी घड्याळापेक्षा या आवाजावर जाते. आणखी चार-पाच मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. कुठेही गुलाबी ओलसरपणा राहता कामा नये. थर्मामीटर असेल तर डुकराच्या खिम्याला ७१ अंश सेल्सिअस, कोंबडीला ७४. लाल मसाल्यात कच्चेपणा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे एक जाड तुकडा मोडून पाहाच.

दुसरी कढई: सोयाचा

पहिल्यांदा मी सोया अगदी खिम्यासारखाच केला होता. तो कोरडा झाला, आणि सासूबाईंनी काही न बोलता खाल्ला. त्या गप्प बसल्या तेव्हाच मला कळलं. चूक साधी होती. मांस स्वतःची चरबी घेऊन येतं, सोया काहीच घेऊन येत नाही. तेल, मीठ आणि ती खोल, रसदार चव, तिन्ही आपण द्यायची.

१०० ग्रॅम बारीक सोया ग्रॅन्यूल्स उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. मग चाळणीत ओतून गार पाण्याने दोनदा धुवा. त्याचा कच्चट वास इथेच जातो. आता मूठ मूठ घेऊन पिळा, अगदी कोथिंबीरवडीची कोथिंबीर पिळतो तसं. जितकं पाणी काढाल तितकं वाटण आत शिरेल. दोनपैकी एक वाटा वाटण आणि अर्धा चमचा मीठ याला चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. सोया मीठ बरंच पितो, पण भिजवतानाही घातलेलं असतं, म्हणून शेवटी चव बघून वाढवायचं.

सकाळी १०० ग्रॅम मशरूम अगदी बारीक चिरून कोरड्या कढईत मोठ्या आचेवर परता. पाणी सुटून आटलं पाहिजे. मग बाजूला काढा. त्याच कढईत चार मोठे चमचे तेल. जास्त वाटेल, पण कमी करू नका. तेलात वाटणाचा उरलेला वाटा मंद आचेवर परता, कडेने तेल सुटेपर्यंत. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तेल लाल झालं की सोया आणि मशरूम घाला, आच मध्यम करा, आणि आता सतत हलवू नका. दोन मिनिटं तसंच राहू द्या, खरपूस पापुद्रा धरू द्या, मग उलटा. असं चार-पाच वेळा. शेवटी एक चमचा सोया सॉस कडेने सोडा.

या पद्धतीने केलं त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, वास ठेच्यासारखा, पण आंबूस. अजून आहे का?" ती कढई मी पुसून त्यांच्या पानात वाढली.

मशरूम खात नसाल तर त्याऐवजी मूठभर अक्रोड भरड कुटून शेवटच्या पाच मिनिटांत घाला. चव वेगळी येते, पण अक्रोडाचं तेल सोयाला मऊ ठेवतं. टोफू घ्यायचा तर घट्ट घ्या, वजनाखाली अर्धा तास दाबा, हाताने कुस्करा आणि वाटणाआधी तेलात सोनेरी करून घ्या. अख्खे मसूर नुसते बोटचेपे शिजवून, निथळून, सोयासारखेच परतता येतात. कोकणातला कच्चा फणस रेषांमुळे मांसासारखा दिसतो, पण तो ओलसर आणि गोडसर राहतो. टाकोपेक्षा पावात बरा लागतो. पनीर मी चोरिसोसाठी वापरत नाही. ते मसाला बाहेरूनच घेतं.

टॉर्टिया

उत्तर मेक्सिकोत आणि टेक्ससमध्ये नाश्त्याचा टाको बहुतेक मैद्याच्या टॉर्टियात असतो. आपल्या हाताला हे काम फार लवकर येतं.

२५० ग्रॅम मैदा, पाऊण चमचा मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर (टेक्ससची रीत, नसली तरी चालते), ५० ग्रॅम तूप. मूळ कृतीत डुकराची चरबी असते. दोन्ही कढयांसाठी एकच टॉर्टिया चालावा म्हणून मी साजूक तूप घेते. तूप मैद्यात चोळा, मूठ वळेल इतकं. शंकरपाळ्यांचं मोहन आठवा. मग बोटाला सोसेल इतकं गरम पाणी, साधारण १३० मिलिलिटर, थोडं थोडं घालत मळा. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल आणि गुळगुळीत हवा. त्याचे आठ गोळे करून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. ही विश्रांती चुकवली तर लाटताना टॉर्टिया रबरासारखा मागे येतो.

१८ ते २० सेंटिमीटर व्यासाचा, पोळीपेक्षा पातळ लाटा. पिठी कमीत कमी. तवा चांगला तापलेला, कोरडा. टाकल्यावर वीस सेकंदांत फोड येतात, तिसाव्या सेकंदाला उलटा, आणखी तीस सेकंद. दाबायचा नाही, तेल-तूप सोडायचं नाही. लगेच फडक्यात गुंडाळा आणि एकावर एक रचत जा. त्या वाफेनेच ते मऊ राहतात. तव्यावर जास्त वेळ ठेवलेला टॉर्टिया घडी घालताना तडकतो, बहुतेक जण इथेच चुकतात.

पोळीत गुंडाळलं तर? खुशाल. फक्त घडीची नको, तिचे पदर सुटतात आणि तेल गळतं. साधी एकपदरी, मऊ पोळी घ्या. मक्याचा टॉर्टिया मात्र घरच्या मक्याच्या पिठाने होणार नाही. त्यासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग दळतात. त्याला निक्स्तमल म्हणतात. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो. आपलं पीठ भाकरीला छान, पण घडी घातली की ती मोडते. निक्स्तमलचं तयार पीठ मासा अरीना नावाने मिळतं, ते आणता आलं तर जरूर करून बघा.

अंडं, बटाटा आणि भरणी

माणशी दोन अंडी आणि तीन मोठे चमचे शिजलेला चोरिसो, एवढ्यात दोन टाको होतात. अंडी फोडून नुसती काट्याने मोडा. मीठ घालू नका, चोरिसोत पुरेसं आहे. कढईत तेल फार सुटलं असेल तर चमचाभर ठेवून बाकीचं वाटीत काढा. ते टाकायचं नाही, पुढे लागणार आहे. आच अगदी मंद करा, अंडी ओता, दहा सेकंद थांबा, मग कडेकडून मध्ये ओढत जा. मऊ, ओलसर ढेपा धरल्या की उतरवा. गरम कढईत ती पुढेही शिजत राहतात. भुर्जीसारखी कोरडी करण्याचा मोह टाळा, कारण हा ओलसरपणा म्हणजेच टाकोचा रस्सा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी बटाटा, आणि ही काही पर्यायी सोय नव्हे. चोरिसो-बटाटा हा तिथला स्वतंत्र, लाडका टाको आहे. बटाट्याच्या लहान फोडी मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकडा, पूर्ण निथळून कोरड्या होऊ द्या, तेलात खरपूस करा आणि मग चोरिसो मिसळा. सासूबाईंचा टाको याचाच असतो.

वरून लागतं काहीतरी आंबट-ताजं. तव्यावर दोन टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या दोन पाकळ्या साल काळी पडेपर्यंत भाजा. खलबत्त्यात मीठ घालून ठेचा, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. शेजारच्या आजी हे काळ्या दगडाच्या तीन पायांच्या खलात करायच्या, त्याला मोल्काहेते म्हणतात. मिक्सरमध्ये मात्र करू नका, फेस येतो. मेक्सिकोतलं भुसभुशीत पांढरं चीज इथे नसतं, पण पनीर कुस्करून त्याला मीठ आणि लिंबाचे दोन थेंब चोळले तर काम होतं.

पावातला

मेक्सिकोत असल्या सँडविचला तोर्ता म्हणतात. त्याचा पाव, बोलियो, बाहेरून कडक आणि आतून पोकळसर असतो. आपला लादी पाव इथे टिकत नाही, तेल पिऊन बसतो. मुंबईत असाल तर इराण्याचा ब्रून पाव घ्या. गोव्यात असाल तर सकाळी भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडो घ्या, याहून चांगला पाव या कामाला मला माहीत नाही.

पाव आडवा चिरून आतला थोडा गाभा काढा. वाटीत काढलेलं लाल तेल तव्यावर पसरा आणि कापलेली बाजू त्यावर कुरकुरीत करा. सोयाच्या सँडविचसाठी सोयाच्या कढईतलंच तेल. खालच्या अर्ध्यावर उकडून घोटलेल्या राजम्याचा जाड थर द्या. हा थर चवीला आहेच, पण तेल पावापर्यंत जाऊ देत नाही हे त्याचं खरं काम. वर चोरिसो, वर पिवळं बलक कच्चट ठेवून तळलेलं अंडं, वर कांदा आणि भाजक्या टोमॅटोचा ठेचा. वरचा अर्धा ठेवून तळहाताने दाबा आणि लगेच खा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मात्र बलक पूर्ण शिजवूनच द्या.

गोव्याचा चोरीस मिळाला असेल तर

मग वरचं वाटण विसरा, त्याला स्वतःचं भरपूर आहे. दहा-बारा मणी कापून दोरा आणि आवरण काढा. पातेल्यात अर्धा कप पाणी आणि चोरीस घालून झाकण ठेवा, मंद आचेवर २० मिनिटं. मग दोन मोठे कांदे उभे चिरून घाला, हवा तर उकडलेला बटाटाही. झाकण काढून पाणी आटेपर्यंत परता. तेल नाही, मीठ नाही, मिरची नाही. खारटपणा आणि आंबटपणा इतका असतो की कांदा कमी पडला तर दुसरा घास घेववत नाही. गरम उंड्यात भरलं की चोरीस-पाव तयार. टाकोत घालायचा असेल तर अंडी जरा जास्त घ्या.

उरलं तर

कच्चा मांसाचा चोरिसो फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या आत संपवा. व्हिनेगर आहे म्हणून तो टिकेल असं धरून चालू नका. जास्त केला असेल तर दीडशे-दीडशे ग्रॅमच्या चपट्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये ठेवा, दोन महिने चांगला राहतो. शिजवलेला, मांसाचा किंवा सोयाचा, फ्रीजमध्ये तीन दिवस. दोन्ही डब्यांवर नाव लिहा, लाल रंगात दोन्ही सारखेच दिसतात. सोमवारी सकाळी मुलाच्या डब्यासाठी मी गार बटाट्यात तो मिसळते, उरलेल्या टॉर्टियात घट्ट गुंडाळते आणि गुंडाळीची शिवण खाली करून तव्यावर मिनिटभर दाबते. शिवण चिकटते आणि डबा उघडेपर्यंत सुटत नाही.